माझी गोळी, मामांची गोळी

आमच्या नात्यात हृदयाचे ठोके अनियमित असलेली दोन माणसं आहेत, एक मी आणि दुसरे माझे थोरले मामा. दोघांच्याही ईसीजीवर डॉक्टरांनी एकच नाव लिहिलंय, एट्रियल फिब्रिलेशन. दोघांनाही लकव्याचा धोका आहे आणि गुठळी होऊ नये म्हणून दोघंही गोळी घेतो. पण मामा सकाळ-संध्याकाळ एपिक्साबॅन घेतात आणि आपल्या कामाला लागतात. मी रोज रात्री ॲसिट्रॉम घेते, महिन्याच्या महिन्याला लॅबमध्ये हात पुढे करते, आणि रिपोर्टवर जो आकडा येईल त्यावर पुढचा डोस ठरतो. लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, मामांना नवीन गोळी आहे, मग तू अजून त्या जुन्याच गोळीवर कशी? डॉक्टर बदल की." काहींना वाटतं पैशांचा प्रश्न असेल. तसा तो नाही. म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढते.

माझं दुखणं शाळकरी वयातलं. घसा धरला, ताप आला, मग एक गुडघा सुजला, तो उतरतोय तोवर दुसऱ्या पायाचा घोटा. घरात सगळे वात म्हणाले. तो ऱ्हुमॅटिक फीव्हर होता. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, शरीर त्या जंतूंशी लढायला उठतं आणि त्या भरात स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवरही उलटतं. सांधे पूर्ण बरे होतात. झडप होत नाही. पुढे कित्येक वर्षं दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घेतलं, तरी डाव्या बाजूची मायट्रल झडप हळूहळू अरुंद होत गेली. एकोणतिसाव्या वर्षी मांडीच्या शिरेतून नळी घालून फुग्यानं ती उघडली. ही पद्धत जपानच्या डॉ. कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये जगापुढे आणली, आणि माझ्यासारख्या कितीतरी बायका त्यामुळे छाती न उघडता संसाराला परत लागल्या.

त्यानंतर बरीच वर्षं चांगली गेली. कराडजवळच्या एका गावात मी प्राथमिक शिक्षिका आहे. सेहेचाळीस वय असताना परिपाठाला उभी राहिले की धाप लागायला लागली. छातीत काहीतरी फडफडतंय असं वाटायचं, जिना चढून वर्गात गेलं की खुर्चीत बसूनच हजेरी घ्यायची. दवाखान्यात गेले तेव्हा डॉक्टरांनी एक गोष्ट केली ती मला अजून लख्ख आठवते. त्यांनी स्टेथोस्कोप छातीवर ठेवला आणि सिस्टरना त्याच वेळी माझ्या मनगटावर नाडी मोजायला सांगितली. मिनिट संपलं तेव्हा छातीवर १३२ आणि मनगटावर १०४. मला वाटलं सिस्टरचं मोजताना चुकलं. डॉक्टर म्हणाले, "त्या बरोबर आहेत. तुमचे काही ठोके इतके घाईत पडतात की त्यात हृदय भरतच नाही. ते ठोके हातापर्यंत पोचत नाहीत." ईसीजी काढायच्या आधीच त्यांना निदान झालं होतं.

हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, हा या आजाराचा गाभा. डाव्या वरच्या कप्प्याला करंगळीएवढा एक खिसा असतो. कप्पा नीट पिळला जात नाही तेव्हा त्या खिशात रक्त साचून राहतं आणि तिथे गुठळी धरते. ती सुटली तर रक्ताबरोबर वर मेंदूकडे जाते. म्हणून हृदयाच्या आजारात डॉक्टर लकव्याचं बोलत असतात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. त्यातून १९७८ मध्ये जे आकडे आले त्यानुसार नुसतं एट्रियल फिब्रिलेशन असलेल्याला लकव्याचा धोका इतरांच्या पाचपटीहून जास्त, आणि त्याला ऱ्हुमॅटिक झडपेची जोड असली तर सतरापटीहून जास्त. मामा त्या पहिल्या रांगेत आहेत आणि मी दुसऱ्या. आमच्या गोळ्यांमधला फरक इथूनच सुरू होतो.

मला कोल्हापुरात दाखल केलं. घशातून नळी घालून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायची होती. रात्रीपासून उपाशी, घशात बधिर करणारा फवारा, तो कडू, मग डाव्या कुशीवर झोपवून "गिळा, गिळा" म्हणत नळी आत. त्रास होतो, पण सहन होण्यासारखा. स्क्रीन माझ्या तोंडासमोरच होता. डाव्या कप्प्यात काहीतरी करड्या रंगाचं सावकाश गोल फिरत होतं, उदबत्तीचा धूर बंद खोलीत फिरावा तसं. डॉक्टर शेजारच्या ज्युनिअरला म्हणाले, "डेन्स स्मोक आहे, क्लॉट नाही." मंदावलेलं रक्त असं दिसतं. गुठळी अजून झालेली नव्हती, पण तयारी पूर्ण होती. कप्पा इतका मोठा झाला होता की शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणले तरी टिकणार नाहीत, असं त्यांचं मत पडलं. ठोक्यांचा वेग कमी ठेवायला मेटोप्रोलॉल आणि गुठळीसाठी ॲसिट्रॉम, असं ठरलं. लकव्याचा धोका किती हे ठरवायला जे गुण मोजतात, ते माझ्या बाबतीत मोजायचेच नसतात. अरुंद मायट्रल झडप आणि फिब्रिलेशन एकत्र असलं की गोळी द्यायचीच.

शेजारच्या खाटेवर पाटण तालुक्यातली एक बाई होती, माझ्याहून पुष्कळ लहान. तिलाही लहानपणी तोच ताप, झडप तशीच अरुंद. उजवा हात-पाय गेला होता आणि बोलायला गेलं की एकच अक्षर पुन्हा पुन्हा येत होतं. तिच्या सासूनं रात्री मला सगळं सांगितलं. ॲसिट्रॉम चालू झाल्यावर पाळीत फार जायला लागलं. इतकं, की शेतावर जाता येईना. तिनं गोळी बंद केली. कुणाला विचारलं नाही, कारण हे विचारायचं कुणाला? तपासायला पुरुष डॉक्टर, बरोबर सासरे किंवा दीर. पाळी नीट झाली, बरं वाटायला लागलं, आणि मग एका सकाळी चुलीपुढे बसल्या जागी कलंडली. त्या बाईबद्दल मी या आधी कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहिते, कारण पुढे माझ्यावरही तीच वेळ आली.

आता आयएनआरबद्दल, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या रिपोर्टवरच्या आकड्याबद्दल. ॲसिट्रॉम काय करतं, तर रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात, त्यांना व्हिटॅमिन के लागतं, आणि ही गोळी ते व्हिटॅमिन वापरू देत नाही. आधी बनलेले घटक रक्तात असतातच, म्हणून आज गोळी घेतली आणि आजच परिणाम दिसला असं होत नाही, दोन-चार दिवस जातात. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास असतो. माझा २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा. खाली गेला तर गुठळीचा धोका, खूप वर गेला तर रक्तस्रावाचा. सुरुवातीला दर दोन-चार दिवसांनी रक्त, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने, आणि आकडा स्थिरावला की महिन्याने. रात्रीच गोळी का, हे मी विचारलं होतं. रक्त सकाळी द्यायचं, रिपोर्ट दुपारी येतो, आणि डोस बदलायचा झाला तर त्याच रात्री बदलता येतो. इतकं सरळ कारण आहे. लॅबही एकच धरायची, कारण प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं असतं आणि आकड्यात थोडाफार फरक पडतो.

माझा डोस रोज एकसारखा बसत नाही. पाच दिवस २ मिलिग्रॅम, दोन दिवस ३. म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं २ किंवा ३ लिहिते आणि गोळी घेतली की त्यावर पेनानं गोल करते. गोळी घेतली की नाही असा संशय आला तर मनावर विसंबायचं नाही, चौकोन बघायचा. विसरलीच तर दुसऱ्या दिवशी दोन मिळून घ्यायच्या नाहीत.

वर्षभर असे आकडे लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा आयएनआर पंचांगाप्रमाणे चालतो. आषाढ-श्रावणात खाली येतो, नवरात्रात वर जातो. पावसाळ्यात आमच्याकडे पालेभाज्यांची चंगळ असते. अळूचं फदफदं, अळूवड्या, तांदुळजा, शेवग्याच्या पाल्याची भाजी. या सगळ्यांत व्हिटॅमिन के भरपूर, म्हणजे गोळीचा जोर कमी. नवरात्रात उलटं, नऊ दिवस उपवास, भगर, बटाटा आणि साबुदाणा, हिरवं पान पोटात नाही, की गोळीचा जोर वाढतो. पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितलं की पालेभाजी कायमची बंद कर. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, माझ्या गोळीला तुमच्या ताटाप्रमाणे बसवायचं असतं, तुमच्या ताटाला गोळीप्रमाणे नाही. रोज वाटीभर भाजी खा, पण रोज खा. एक दिवस परातभर आणि आठवडाभर काहीच नाही, असं करू नका." नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास मी सोडले आणि पहिल्या-शेवटच्या माळेचे ठेवले. सासूबाई त्यावर एक शब्दही बोलल्या नाहीत, त्यांचे मी इथे आभार मानते.

खरा घोटाळा झाला तो दुसऱ्याच औषधानं. एका जुलैत पोट बिघडलं, जुलाब थांबेनात म्हणून जवळच्या एका दवाखान्यात गेले. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ॲसिट्रॉम लिहिलेली फाइल मी टेबलावर ठेवली होती. ती उघडली गेली नाही. मेट्रोनिडाझोल लिहून मिळालं. पोट बरं झालं, पण चार-पाच दिवसांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि दंडावर कुठेही न आपटता काळानिळा डाग उमटला. आयएनआर ६.८. मेट्रोनिडाझोलनं ॲसिट्रॉमचा जोर वाढतो, फ्लुकोनाझोल आणि को-ट्रायमोक्साझोलनंही वाढतो, आणि टीबीच्या रिफाम्पिसिननं उलट कमी होतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या अंगदुखीच्या गोळ्यांचं निराळंच, त्या पोटात रक्तस्राव करवतात. हे आता मला पाठ आहे, पण ते रुग्णाला पाठ असावं लागतं ही गोष्ट मला बरोबर वाटत नाही. ज्याच्या हातात पेन आहे त्यानं आधी विचारायला हवं.

माझ्या हृदयाच्या डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवून परत तपासायला सांगितलं. आकडा उतरला. पण पोटाचं औषध संपल्यामुळे तो उतरतच गेला आणि पुढच्या तपासणीत १.४ आला. या १.४ ला घरात कुणी घाबरलं नाही. मीसुद्धा आधी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टर मात्र ६.८ पेक्षा या आकड्यावर जास्त गंभीर झाले. लगेच डोस वाढवला आणि तीन दिवसांनी परत बोलावलं. त्या दिवशी मला हा आजार खऱ्या अर्थानं कळला. रक्त आलेलं डोळ्यांना दिसतं, म्हणून माणूस घाबरतो आणि गोळी बंद करतो. आयएनआर खाली गेला तर काहीसुद्धा जाणवत नाही. ना दुखत, ना थकवा, उलट बरंच वाटतं. पाटणच्या त्या बाईलाही बरंच वाटत होतं.

पाळीचं आता सांगते. सत्तेचाळिसाव्या वर्षी रजोनिवृत्तीच्या आधीचा गोंधळ सुरू झाला आणि वरून ॲसिट्रॉम. आठ-आठ दिवस जायचं, गाठी पडायच्या, शाळेत दुपारच्या सुट्टीपर्यंत टिकायची पंचाईत. हिमोग्लोबिन ७.४ वर आलं. आयएनआर मात्र २.६, अगदी हवा तिथे. म्हणजे डोस जास्त झाला होता असंही नाही. मी हृदयाच्या डॉक्टरांना सगळं स्पष्ट सांगितलं, नवरा शेजारी बसलेला असताना. त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला. सोनोग्राफी झाली, शिरेतून लोह दिलं आणि गर्भाशयात मिरेना, म्हणजे हार्मोन सोडणारं तांबीसारखं साधन, बसवलं. पहिले काही महिने थेंब थेंब डाग लागत राहिले, मग जवळजवळ थांबलंच. गोळी बंद कर असं दोघांपैकी एकाही डॉक्टरनं म्हटलं नाही. रक्तस्रावाला त्याचा स्वतंत्र इलाज असतो, ही गोष्ट त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला कुणी वेळेवर सांगितली असती तर! झडपेचा आजार असलेल्या आपल्याकडच्या रुग्णांत बायका जास्त आहेत, त्यातल्या कितीतरी पाळीच्या वयातल्या, आणि गोळी सुरू करताना पाळीबद्दल अवाक्षर निघत नाही. याचा मला राग येतो. मूल हवं असलेल्या मुलींना तर आधीच सांगायला हवं, कारण पहिल्या तिमाहीत या गोळीमुळे बाळात व्यंग येऊ शकतं. अशा वेळी औषध कसं बदलायचं हे डॉक्टर ठरवतात, आपल्या मनानं थांबवायचं नसतं.

दाढ काढायची वेळ आली तेव्हा दातांचे डॉक्टर म्हणाले, पाच दिवस ॲसिट्रॉम बंद करून या. मी चिठ्ठी घेऊन परत हृदयाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी लिहून दिलं, बंद करायची नाही, आदल्या दिवशी आयएनआर करा, ३ च्या आत असेल तर काढा. २.४ आला. टाके घातले, रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडमध्ये भिजवलेला बोळा दाबून धरायला दिला. थोडा वेळ जास्त पाझरलं आणि थांबलं.

मामांची गोष्ट वेगळी. ते एसटीतून निवृत्त, वय ७४, बीपी आणि साखर दोन्ही. त्यांच्या झडपा ठणठणीत आहेत, ठोके तेवढे बिघडलेत. त्यांच्यासाठी गुण मोजतात. ६५ ते ७४ वयाचा एक, बीपीचा एक, मधुमेहाचा एक, झाले तीन. म्हणजे गोळी हवी. त्याआधी ते रोज ॲस्पिरिन घेत होते आणि तेवढं पुरे असं धरून चालले होते. पण २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात एपिक्साबॅन आणि ॲस्पिरिन समोरासमोर ठेवून पाहिलं, तेव्हा एपिक्साबॅनवर लकव्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं आणि मोठा रक्तस्राव जवळपास तेवढाच राहिला. त्यांना महिन्याला रक्त द्यावं लागत नाही, अळू चालतं, उपवास चालतो. त्यांना जपायचं ते निराळं. माझ्या गोळीचा परिणाम सावकाश चढतो-उतरतो, त्यांच्या गोळीचा एका दिवसात संपतो. म्हणून वारीला निघताना बंडीच्या आतल्या खिशात पट्ट्या शिवल्यागत ठेवलेल्या असतात, आणि मामी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारते. मूत्रपिंडाची तपासणी ठरल्या वेळी करायची.

मध्ये एका ओळखीच्या माणसानं मामांना सांगितलं, तुमचं वय झालं, वजन ५८ किलो, तुम्ही ५ ऐवजी अडीच मिलिग्रॅमची गोळी घ्या, रक्त यायचं भय नको. मामांनी मला विचारलं, आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील तरच डोस निम्मा करायचा. मामांच्यात वजन ही एकच. क्रिएटिनिन १.१. त्यामुळे पूर्ण डोस. निम्मी गोळी घेतली असती तर संरक्षण कमी पडण्याचा धोका होता आणि मनाला मात्र पूर्ण असल्याचं समाधान.

मग मला ही सोय का नाही? मी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला होता, रडवेली होऊन. त्यांनी २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या 'इन्व्हिक्टस' अभ्यासाबद्दल सांगितलं. २४ देशांतले साडेचार हजार रुग्ण, सगळे माझ्यासारखेच, ऱ्हुमॅटिक झडप आणि सोबत फिब्रिलेशन. सरासरी वय पन्नाशीचं, जवळजवळ तीन चतुर्थांश बायका. निम्म्यांना नवीन गोळ्यांपैकी रिव्हारोक्साबॅन दिली, निम्म्यांना जुन्या जातीची, आयएनआर बघून द्यायची. नवीन गोळी निदान बरोबरीत तरी येईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. झालं उलटं. जुन्या गोळीवरच्या लोकांत मृत्यू आणि लकवा कमी, आणि रक्तस्रावही जास्त नाही. शोधनिबंधाचे दुसरे लेखक दिल्लीच्या एम्समधले. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडच्या, गरीब-मध्यम देशांतल्या रुग्णांचा, आणि त्याचं उत्तर शोधण्यात आपली माणसं पुढे होती. मला त्या आकड्यांनी फार आधार दिला. मी मागे राहिलेली नाही, माझ्या झडपेला जे लागतं तेच मी घेते आहे. ज्या कुणाची मायट्रल झडप बरीच अरुंद आहे किंवा धातूची झडप बसवलेली आहे, आणि कुणी सोय म्हणून गोळी बदलून देत असेल, त्यांनी टू-डी इकोचा रिपोर्ट समोर ठेवून हा प्रश्न विचारावाच.

घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. तोंड एका बाजूला वाकडं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती काही करायचं नाही, वेळ बघायची आणि १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आयएनआर १.७ च्या वर असेल तर ते देत नाहीत, नळीतून गुठळी काढण्याचा विचार करतात. म्हणून शेवटचा आयएनआर आणि शेवटची गोळी कधी घेतली हे डॉक्टरांना पहिल्या पाच मिनिटांत कळायला हवं. माझ्या मुलाच्या मोबाइलमध्ये दर महिन्याच्या रिपोर्टचा फोटो असतो.

गेल्या इकोत झडप पुन्हा १.१ चौरस सेंटिमीटरवर आलीय. निरोगी झडप ४ ते ६ असते. तिच्यात कॅल्शियम साठलंय, त्यामुळे पुन्हा फुगा घालता येणार नाही, बदलावीच लागेल. माझं वय ५१. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली झडप काही वर्षांनी परत खराब होईल, आणि फिब्रिलेशनमुळे गोळी तर तरीही चालूच राहणार. त्यामुळे धातूची बसवायची, असं सर्जन आणि मी मिळून ठरवलं. मग आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये ठेवावा लागेल. गोळी हीच. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान ही नवीन गोळी देऊन पाहिली होती, पण गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरलंय, म्हणजे चौथीच्या मुलांचं कमीत कमी नुकसान होईल.